सगळ्यात लांब रांग

मंदा,

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात गणित शिकवत होते. शिपाई दारात उभा राहिला. सौंसरच्या शाळेतून फोन होता म्हणाला, तुमच्या मंदा मॅडम पहाटे गेल्या. मी बरं म्हटलं. फळ्यावरचं उदाहरण अर्धं राहिलं होतं, ते पूर्ण केलं. मुलींनी उतरवून घेतलं. घंटा झाल्यावर स्टाफरूममध्ये बसून रजेचा अर्ज लिहायला घेतला, तर कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. बहीण गेली असती तर तसं लिहिता आलं असतं. मैत्रीण गेली म्हणून रजा मागायची पद्धत आपल्याकडे नाही. 'घरगुती काम' असं लिहिलं आणि बस पकडली.

त्याला आता महिना होत आला. माझी सासू म्हणते एकदा रडून घे. मी जेवते, झोपते, तास घेते, वह्या तपासते. रडू काही येत नाही. अंगात बधिरपणा भरून राहिला आहे. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तुझी शिस्त, तुझा शांत स्वभाव, गरीब मुलींना तू शाळा संपल्यावर फुकट शिकवायचीस, सगळं सांगितलं लोकांनी. सगळं खरं होतं. मला बोलायला उठवलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून बसले. आपल्या दोघींचं जे होतं ते त्या सभेत कोणाला कळलं नसतं. ते नावांबद्दल आणि कप्प्यांबद्दल होतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आपण जबलपूरला भेटलो. सरकार काही शाळांना कॉम्प्युटर देणार होतं, म्हणून त्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. सगळे पुरुष, बाया आपण दोघीच. साहजिकच एक खोली मिळाली. मी पांढुर्ण्याची आहे म्हटल्यावर तू म्हणालीस, "मंग तं शेजारीणच झाली." पहिल्या दिवशी माझ्या डब्यातलं लोणचं मी तुला द्यायला थोडी अडखळले होते. तुला ते दिसलं, आणि तू हात पुढे करून लोणचं मागून घेतलंस. त्यावर आपण कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आपण एकाच डब्यात जेवायला लागलो.

शेवटच्या आठवड्यात सरांनी हॅश टेबल शिकवलं. शेकडो नावांतून एक नाव शोधायचं तर मशीननं पहिल्यापासून वाचत बसायचं नाही. नावाच्या अक्षरांवरूनच एका सूत्रानं आकडा काढायचा. तो आकडा म्हणजे कप्प्याचा नंबर. थेट त्या कप्प्यात जायचं. दोन नावांचा आकडा सारखा आला तर दोघांनी त्याच कप्प्यात एकामागे एक रांगेत उभं राहायचं. रांग आखूड तर नाव पटकन सापडतं, लांब असली तर मशीन रखडतं. म्हणजे सगळं त्या सूत्रावर. सरांनी प्रत्येकाला आपापलं सूत्र करायला सांगितलं. मी नावाचं पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि नावाची लांबी घेऊन एक केलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला उतरवून घ्यायला लावलं. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. ते सूत्र मला किती प्रिय होतं हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू पुढे जे बोललीस ते इतकं सांभाळून बोललीस.

मशीनं आली. तुझ्या शाळेत दोन, माझ्या शाळेत दोन, एकाच जातीची. आपण ठरवलं की इतर शाळांतल्या मास्तरांना प्रत्येक वेळी पहिल्यापासून लिहायला लागू नये म्हणून तयार तुकड्यांची एक लायब्ररी करायची. गुण क्रमानं लावायचा तुकडा, तक्ता छापायचा तुकडा, नाव शोधायचा तुकडा. ज्याला जे लागेल ते त्यानं आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यावं. मी आमच्या प्राचार्यांना परवानगीसाठी अर्ज दिला, तर त्यांनी 'लायब्ररी' वाचून एक कपाट मंजूर केलं आणि पुस्तकांची यादी मागितली. तू त्यावर आठवडाभर हसलीस. कपाट अजून आहे, त्यात खडूचे डबे ठेवतात.

फ्लॉप्या आणि कागद बसनं जायचे. शंकरभाऊ कंडक्टर सौंसरला तुझ्याकडून जाड पुठ्ठ्याची वही घ्यायचे आणि पांढुर्ण्याला बसस्टँडसमोरच्या माझ्या शाळेत आणून द्यायचे. शनिवारी बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांनी भरलेली असायची, तेव्हा ते वही पोटाशी धरून उभे राहायचे. एकदाही वाकलेली फ्लॉपी आली नाही.

आपला वाद तेव्हापासूनचा. नाव शोधायच्या तुकड्याचा वेग मोजून पुस्तिकेत द्यायचा होता. मी मशीनच्या घड्याळानं मोजायची. तू म्हणायचीस, सेकंद आपल्या मशीनचे आहेत, दुसऱ्या मशीनवर बदलतील, तर फ्लॉपीवरून किती वेळा वाचावं लागलं ते मोजू. रांगेतल्या एकेका नावासाठी मशीन फ्लॉपी एकदा वाचायचं आणि प्रत्येक वेळी करकर असा आवाज यायचा, जवळपास सेकंदभर. तू मशीनजवळ कान नेऊन बसायचीस आणि दर करकरीला पेन्सिलनं एक उभी रेघ मारायचीस. मी म्हणायची, प्राचार्यांना सेकंद समजतात, तुझ्या रेघा कोणाला समजणार? शेवटी वाचनंच मोजायची ठरली. तेवढ्यापुरतं मी ऐकलं.

पण कोणत्या नावांवर मोजायचं, तिथे मी ऐकलं नाही. मी मशीनकडूनच उलटसुलट अक्षरं जुळवून चारशे खोटी नावं करून घेतली. त्यांवर माझं सूत्र सुरेख चाललं. सरासरी दोन वाचनांत नाव हजर. तू म्हणालीस, अशा नावाचं माणूस कोणत्या गावात राहतं? खऱ्या नावांवर मोज. मी म्हटलं, नाव म्हणजे अक्षरंच ना शेवटी.

खरी नावं त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्याकडे आली. रामाकोन्याला दर थंडीत डोळ्यांचं शिबिर व्हायचं. शिबिर भरवणारे लोक तुझ्या शाळेत आले. आदल्या वर्षी तपासलेल्या लोकांची नोंदवही त्यांच्याकडे होती. कोणाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कोणाचा मोतीबिंदू पिकायचा राहिला होता. या वर्षी त्यांना आधी घ्यायचं होतं आणि नव्यांना जागा उरली तर. त्यासाठी माणूस समोर आला की नाव टाकून त्याचा जुना कार्ड नंबर काढून देणारं काहीतरी हवं होतं. आपली लायब्ररी त्यासाठीच केल्यासारखी होती. तू त्या नोंदवहीतली चारशे नावं गावांसकट इंग्रजी अक्षरांत टाइप केलीस, शाळा सुटल्यावर रोज थोडी थोडी. मग कान लावून मोजलंस.

तुझा कागद माझ्याकडे आला तो मला पाठ आहे. पुरुषांची नावं ठीक, दोन-तीन वाचनं. बायकांची नावं नाहीत. शांताबाई, सखूबाई, सरूबाई, सगळ्यांचं शेवटचं अक्षर एकच. एकट्या गंगाबाई सात, सात गावच्या. माझं सूत्र शेवटचं अक्षर घ्यायचं आणि गाव बघायचंच नाही, म्हणून बाया मोजक्या कप्प्यांत कोंबल्या गेल्या होत्या. खाली तू लिहिलं होतंस: 'सगळ्यात लांब रांग सव्वीस. म्हणजे शेवटच्या बाईला सव्वीस वाचनं. सरासरीत हे दिसत नाही. सूत्र बदलू. वेळ नसेल तर निदान हा आकडा पुस्तिकेत दे आणि शिबिरवाल्यांना सांग.'

मंदा, तो कागद शंकरभाऊंनी मला त्याच दिवशी आणून दिला. मी तो उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. पुस्तिका छापायचं सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापायला अजून आठ दिवस होते. छिंदवाड्याहून शिक्षण खात्याचे साहेब पुस्तिका पाहणार होते, आणि काम समाधानकारक नसेल तर मशीनं मोठ्या शाळेत हलवतील अशी कुजबुज होती. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं कारण एवढंच की ते सूत्र माझं होतं आणि जबलपूरच्या फळ्यावर लिहिलं गेलं होतं. मी तुझा कागद हजेरीपटात ठेवला. पुस्तिकेत छापलं: 'सरासरी शोध दोन वाचनं.' खाली आपल्या दोघींची नावं. साहेबांनी पाठ थोपटली. बारा शाळांनी पुस्तिका आणि फ्लॉपी मागवली. शिबिरवाल्यांना फ्लॉपी मीच दिली. तुला वाटलं की मी सूत्र बदललं असेल.

शिबिराच्या दिवशी तुला दुपारपर्यंत तास होते. तू शेवटचा तास सोडून रामाकोन्याला पोचलीस तेव्हा काय दिसलं ते तू मला नंतर सांगितलंस, एकदाच, आणि मला ते पाहिल्यासारखं आठवतं. शाळेच्या व्हरांड्यात मशीन, जनरेटरची धडधड, समोर दोन रांगा. पुरुषांच्या रांगेत तीन माणसं. बायकांची रांग मैदान ओलांडून लिंबाच्या झाडापर्यंत, म्हाताऱ्या बाया डोक्यावर पदर ओढून उन्हात खाली बसलेल्या. मशीनवर शिबिराचा एक स्वयंसेवक होता. तू विचारलंस तर तो साधेपणानं म्हणाला, "बायाईचे नावं मशीन लय उशिरा सांगते, मॅडम. मी थोडा वेळ पाह्यतो, नाई सांगतलं तं बंद करतो आन् नवीन कार्ड बनवून देतो."

नवीन कार्ड म्हणजे नव्यांची रांग, आणि नव्यांचे डोळे त्या दिवशी होणार नव्हते.

तू नोंदवही मागवलीस आणि हातानं ताडून पाहिलंस. अकरा जुन्या बायांना नवीन कार्डं मिळाली होती. दहा मैदानातच सापडल्या. अकरावी गंगाबाई. तिचा एक डोळा आदल्या वर्षी झाला होता, दुसऱ्यासाठी ती आली होती. यादीत नाव नाही म्हटल्यावर ती उठून घरी गेली. तू तिच्या वस्तीवर पोचेपर्यंत डॉक्टरांची गाडी निघून गेली होती. तू तिला सांगितलंस की नाव होतं, आमच्या प्रोग्रामची चूक झाली. ती म्हणाली, मशीनले काय समजते बाई. आणि तुला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तू पांढुर्ण्याला आलीस. शाळेत आली नाहीस, मला बसस्टँडवर बोलावून घेतलंस. तू ओरडशील असं मला वाटलं होतं.

"सव्वीस," तू म्हणालीस. "मी लिहून पाठवलं होतं, सुमन."

"उशिरा भेटला मले तो कागद."

"कधी भेटला?"

"पुस्तिका छापल्यावर."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग म्हणालीस की तुझी बस लागली आहे, आणि गेलीस. मी तिथेच उभी राहिले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मला सगळ्यात जास्त आठवतं.

जानेवारीत तू दोन दिवसांची रजा काढून गंगाबाईला बसनं नागपूरला घेऊन गेलीस आणि सरकारी दवाखान्यात तिचा डोळा करून आणलास. मला सोबत ये म्हणाली नाहीस. मीही येते म्हटलं नाही. मला हे तुझ्या शाळेतल्या बाईंकडून कळलं.

त्यानंतर तुझी पत्रं यायची ती कामापुरती. 'फ्लॉपी पाठवत आहे. कळावे.' अशी. तू नवं सूत्र केलंस. नावातलं आणि गावातलं प्रत्येक अक्षर त्याच्या जागेच्या आकड्यानं गुणून घ्यायचं. पुन्हा सगळं मोजलंस आणि अहवालाचा नवा कागद केलास, बारा शाळांना पाठवायला. तो मी कितीदा तरी वाचला. पहिल्या ओळीत, कोणाच्या नावांवर मोजलं: रामाकोना शिबिराची यादी, पुरुष इतके, बाया इतक्या. दुसऱ्या ओळीत, सगळ्यात लांब रांग, जुन्या सूत्रानं सव्वीस, नव्यानं सहा. सरासरी त्याच्याही खाली, लहान अक्षरांत. शेवटी 'अहवाल देणार' आणि दोन ओळी. एकीवर तुझी सही. दुसरी कोरी, आणि शेजारी पेन्सिलनं, 'सुमन, बघून सही कर.'

मी सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. परीक्षा आहेत म्हटलं, मग सुट्टी आहे म्हटलं, मग शाळा नुकती उघडली आहे म्हटलं. सही केली तर पहिला अहवाल चुकीचा होता हे माझ्याच सहीनं बारा शाळांत जाणार होतं. तू माझ्याशिवाय कागद पाठवू शकत होतीस. पाठवला नाहीस. तेव्हा मला वाटायचं, ही मला टोचायला थांबली आहे.

मग तुला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग सौंसरचे डॉक्टर, मग नागपूर. मी एका रविवारी आले. तू खाटेवर होतीस, डोळे हळदीसारखे. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की आज सांगायचं. पण तुझे बाबा बाजूला बसले होते, परिचारिका येत-जात होती, आणि मी मुलींच्या चाचणी परीक्षेबद्दल बोलत राहिले. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मध्येच म्हणालीस, "जे नाव यादीत नाहीच, ते शोधायले किती वाचनं लागतात, ते आपण मोजलंच नाही. नव्या बाईले नाही म्हणायच्या आधी मशीन पुरी रांग पाहते. ते मोज."

मी म्हटलं, मोजते. तू म्हणालीस, "खऱ्या नावांवर." मी हो म्हटलं. नंतर तुला झोप लागली. मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली आणि चारच्या बसला लागले. आठवड्यानं शिपाई दारात आला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. वंदना झाली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया ओळीनं बसल्या होत्या. त्यांत एक म्हातारी काळा चष्मा लावून होती. ती गंगाबाई, हे मला कोणीतरी सांगितलं. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. जेवणं झाल्यावर मी निघाले तर बाबांनी थांबवलं. आतल्या खोलीत नेऊन स्वतः चहा आणून दिला. तिगाव स्टेशनवर पॉइंटमन म्हणून रुळांचे सांधे बदलण्यात जन्म गेलेला माणूस, मला आजवर त्यांचं 'बस बाई', 'ये बाई' यापलीकडे बोलणं माहीत नव्हतं.

"तुमचं दोघींचं कायवरून बिनसलं होतं?" त्यांनी विचारलं. "मंदा घरी काही बोलली नाही. इचारलं तं म्हने, सुमनले काम आहे."

मी सांगितलं. कप्पे, रांगा, बायकांची नावं, सव्वीस, शिबिर, सगळं. त्यांना किती समजेल असं वाटत होतं, पण ते मध्ये मध्ये नेमकं विचारत होते. शेवटी कागदाचं आलं. मी थांबले. मग तेही सांगितलं. कागद वेळेवर मिळाला होता, मी वाचला होता, आणि तुला मात्र तो उशिरा मिळाला असं खोटं सांगितलं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना काही होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. बाहेर बाया भांडी घासत होत्या.



"ते तिले माहीत होतं," बाबा म्हणाले. "शंकर कंडक्टरले तिनं माह्यासमोर इचारलं होतं, तो कागद कायचा ते मले आज समजलं. तो म्हने, मी त्याच दिवशी नेऊन देल्ला."

मी म्हटलं, "मंग मले काऊन नाही बोलली ती?"

"मीबी हेच इचारलं. म्हने, सांगीन ती. तिले थोडा वेळ लागते."

मी चहा संपवला. कप विसळून ठेवला. बाबा बसस्टँडपर्यंत सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत उभे होते. वाटेत मला सारखं वाटत होतं की आता रडू येईल. खिडकीतून संत्र्यांच्या बागा जात होत्या. पांढुर्णा आलं, मी उतरले, भाजी घेतली.

तू सांगितलेलं मोजलं मी. यादीत नसलेली खरी नावं हवी होती, आणि तीही बायकांची. आधी शाळेचं दाखल-खारीज, म्हणजे प्रवेशाचं, रजिस्टर काढलं, तर त्यात फक्त बापांची नावं. म्हणून नववीच्या आणि दहावीच्या मुलींना चिठ्ठ्या वाटल्या आणि आईचं नाव आणि आईच्या माहेरचं गाव लिहून द्या म्हटलं. दोघीतिघींना माहेरचं गाव घरी विचारून यावं लागलं. एकीनं विचारलं, "मॅडम, आई नसली तर चालते का?" मी म्हटलं, चालते, नाव लिही. शाळा सुटल्यावर तीन दिवस मशीनशी बसून एकेक नाव टाकलं. घड्याळ लावलं नाही. कान जवळ नेला आणि दर करकरीला पेन्सिलनं रेघ मारली. पहिल्या दिवशी चुकत होतं, कारण वाचन संपताना एक लहान आवाज वेगळा येतो, तो मी धरत होते. तू तो धरत नसशील. तुला विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून केलं.

जास्तीत जास्त सहा. बहुतेक नावांना दोन. म्हणजे नव्या बाईला नाही म्हणायला मशीनला सहा सेकंदांच्या वर लागत नाही. तेवढा वेळ कोणीही थांबेल.

स्टेन्सिल मीच कापलं. तुझा कागद जसाच्या तसा घेतला, तुझ्या ओळींच्या क्रमानं. सगळ्यात लांब रांगेच्या ओळीनंतर 'यादीत नसलेली नावं' ही ओळ वाढवली. तुझी सही स्टेन्सिलवर गिरवायला माझा हात धजेना, म्हणून तुझं नाव टाइप केलं. त्याखाली माझी सही केली. आणि सहीच्या खाली एक ओळ: 'जुन्या सूत्राचा सव्वीस हा आकडा पहिली पुस्तिका छापण्याआधी मला माहीत होता. तो मी दिला नाही.' प्राचार्यांनी ती ओळ वाचून विचारलं की याची काय गरज आहे, शाळेचं नाव जातं. मी म्हटलं, सर, असू द्या. त्यांनी कागद परत दिला. कदाचित माझा चेहरा पाहून. बारा पाकिटं करून मी ती पोस्टात टाकली.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पोस्टातून सरळ शाळेत आले, पाचवा तास होता.

तू तेव्हा बसस्टँडवर मला खोटारडी म्हणाली असतीस तर मी तुझ्यावर चिडले असते, आणि आपण सहा महिन्यांत पुन्हा एका डब्यात जेवलो असतो, असं मी कधी कधी स्वतःशी म्हणते. मग वाटतं, दोषही तुझ्याच माथी मारते आहे. तू थांबलीस. कोणी माझ्यासाठी इतकं थांबलेलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्यावर रागवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींपैकी काहीच धड वाटत नाही सध्या. लिहून ठेवते, वाटायला लागेल तेव्हा उपयोगी पडेल.

काल एका शाळेचं उत्तर आलं. तिथल्या गणिताच्या मास्तरांनी नवं सूत्र घालून आपल्या शाळेच्या मुलींच्या नावांवर मोजलं. त्यांनी तुझ्यासारखाच तक्ता केला आहे, आधी कोणाची नावं ते, मग सगळ्यात लांब रांग. त्यांच्याकडे ती पाच आली. माझ्या शेवटच्या ओळीबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. पत्राच्या खाली मात्र आहे, 'मंदा मॅडमना आमचा नमस्कार सांगा. त्यांची पद्धत फार आवडली.'

त्यांना कोणी कळवलेलं नाही. मीही अजून कळवलं नाही. सकाळी कार्ड घेऊन बसले होते, दोनदा 'आपला नमस्कार' एवढं लिहून थांबले. उद्या लिहीन.

तर, मंदा, त्यांचा नमस्कार.